चेक इंजिनचा दिवा: कोड वाचा, पण सेन्सर विकत आणायची घाई नको

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचं पिवळं चिन्ह उजळलं की गाडीमालकांची दोन टोकं दिसतात. काहीजण महिनोन्‌महिने त्याच्याकडे काणाडोळा करतात. काहीजण घाबरून, सांगेल तो सेन्सर बदलून मोकळे होतात आणि पंधरा दिवसांत दिवा पुन्हा लागला की कपाळाला हात लावतात. यात सगळा दोष गाडीमालकांचाही नाही, कारण इशाराच मुळात मोघम आहे. टाकीचं झाकण सैल राहिलं तरी हाच दिवा लागतो आणि एखादा सिलिंडर काम करेनासा झाला तरी हाच. मात्र त्यामागची माहिती वाचायचं साधन तळहातावर मावतं आणि वाचून नीट विचार केला तर बरेचसे दोष घरच्या घरी सापडतात.

## दिवा लागतो तेव्हा आत काय घडलेलं असतं

आजचं इंजिन एक छोटा संगणक चालवतो. त्याला ईसीयू म्हणतात. आत किती हवा आली, कूलंट किती गरम आहे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो सेन्सरांकडून सतत विचारत असतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो. मिळालेला आकडा अपेक्षेशी जुळला नाही की तो एक कोड नोंदवतो.

बहुतेक दोषांत पहिल्याच वेळी दिवा लागत नाही. पहिल्यांदा नोंद होते ती कच्ची असते, तिला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. इथे फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, चाचण्या होतील इतकं चालवून पुन्हा बंद करणं. उलट बाजूने, सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र स्मृतीत राहतो. इंजिन साधारण ४० वेळा गार-गरम होईपर्यंत दोष परतला नाही तर मग तोही निघून जातो. कधी दिवा आपसूक गेला आणि आठवड्याने परत आला, तर त्यामागे हे गणित असतं.

ही सगळी यंत्रणा प्रदूषण रोखण्यासाठी आली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही प्रमाणित पद्धत सक्तीची झाली, पुढे युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी २००१ मध्ये तसाच नियम आणला. म्हणून हा दिवा ‘इंजिन आता बंद पडणार’ असं सांगत नाही. धुरातले घातक घटक मर्यादेबाहेर जाऊ शकतात, एवढंच तो सांगतो. ऑइलच्या दाबाचा आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा वेगळा असतो. तो दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं.

## लुकलुकतोय की स्थिर आहे?

कोड वाचण्याआधी एवढं बघाच. दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये आणि ते कच्चंच पुढे चाललंय. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात बारीक छिद्रांच्या सिरॅमिक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा थर असतो. कच्चं पेट्रोल तिथे पोचून पेटलं की ही जाळी वितळू शकते. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचं काम मग कन्व्हर्टरवर जातं आणि या दोन सुट्या भागांच्या किमतींची तुलनाच नको. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, सुरक्षित जागी थांबा. दिवा लुकलुकतच राहिला तर गाडी ओढून नेणं स्वस्त पडतं.

दिवा स्थिर आहे, तापमानाचा काटा जागेवर आहे, पिकअप नेहमीसारखा आहे आणि पेट्रोलचा वास येत नाही, अशा वेळी घरापर्यंत जायला हरकत नाही. कोड मात्र दोनचार दिवसांत वाचावा.

## कोड वाचायचा कसा

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचा एक सॉकेट असतो. काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं. त्यात बसणारे ब्लूटूथ ॲडॉप्टर मिळतात, बहुतेक ईएलएम ३२७ या चिपच्या नावाने विकले जातात, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये माहिती दिसते. अगदी स्वस्त नकला काही गाड्यांशी बोलतच नाहीत किंवा मध्येच संपर्क तोडतात. आयफोनला जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर चालत नाही, त्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो. ही कटकट नको असेल तर वायरवाला हातातला छोटा स्कॅनर बरा.

ॲडॉप्टर बसवा, इग्निशन ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. बटणवाल्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबलं की, काही गाड्यांत दोनदा, एवढं होतं. मग पक्के कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम अशा तिन्ही पानांचे फोटो काढून ठेवा. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे आकडे: वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार. दोष गार इंजिनात आला की चढावर, हे त्यावरून कळतं. कोड पुसण्याचं बटण समोरच असतं. ते दाबलं की हा पुरावाही जातो, म्हणून आत्ता त्याला हात लावू नका. काम झाल्यावर ॲडॉप्टर काढून ठेवा. त्याला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी तो उतरवू शकतो.

कोडची रचना सरळ आहे. सुरुवातीचं अक्षर पी असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स. पुढचा अंक ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, आणि तो त्या मॉडेलच्या माहितीतच शोधावा लागतो. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन न जळणं), ४ म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, ७ किंवा ८ म्हणजे गिअरबॉक्स.

## सेन्सर हा फिर्यादी, आरोपी शोधायचा असतो

बहुतेक पैसे वाया जातात ते इथे. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख दिसला की लोक ऑक्सिजन सेन्सर आणतात. वास्तविक त्या सेन्सरने फक्त फिर्याद दिलेली असते.

पी ०१७१ घ्या. याचा अर्थ ‘हवेच्या मानाने इंधन कमी’. धुरात जास्त ऑक्सिजन सापडला, तो सेन्सरने कळवला. जास्तीची हवा फाटक्या पाइपमधून आली असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखून कमी सांगत असेल, इंधन पंपाचा दाब पडला असेल किंवा इंधन फवारणारे इंजेक्टर चोंदले असतील. ऑक्सिजन सेन्सर स्वतः खोटं बोलत असण्याची शक्यता या यादीत बरीच खाली आहे.

कोडचं वर्णन नीट वाचलं तर कुठून सुरुवात करायची ते ठरतं. वर्णनात ‘सर्किट’ असेल तर संशय विजेवर: तार, कनेक्टर, फ्यूज, मग सेन्सर. पी ०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट, आला तर पहिला फ्यूज तपासायचा. तो ठीक असेल तर कनेक्टर काढून हीटरच्या दोन पिनांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. थोडेच ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काहीच जोड दाखवला नाही तर आतली तार तुटलेली. अशा वेळी सेन्सर बदलणं रास्त. वर्णनात ‘कमी’, ‘जास्त’ किंवा ‘कार्यक्षमता’ असे शब्द असतील आणि सर्किटचा उल्लेख नसेल, तर बहुधा सेन्सर खरं सांगतोय आणि दोष त्याच्या मागे आहे.

## बॉनेट उघडल्यावर पहिली दहा मिनिटं

इंजिन गार असू द्या. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: दिवा लागण्याआधी गाडीला कुणाचा हात लागला होता? एअर फिल्टर बदलताना डब्याची क्लिप अर्धवट बसलेली, कनेक्टर ‘टक्’ होईपर्यंत न दाबलेला, इंजिन धुताना कॉइलच्या खोबणीत पाणी साचलेलं, हे रोजचे प्रकार आहेत. गाडी बरेच दिवस उभी असेल तर तारा उंदरांनी कुरतडल्यात का, तेही बघा.

मग बॅटरी. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणकच खाली-वर करतो, त्यामुळे चालू इंजिनात थोडा फरक दिसला तर दचकू नका. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा कोड एकदम दिसले, तर ते सगळे दोष खरे असण्यापेक्षा बॅटरी कमजोर किंवा अर्थिंगची तार सैल असण्याची शक्यता जास्त.

## इंजिन मिसिंग करतंय: पी ०३०० आणि त्याची भावंडं

पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०३ म्हणजे तिसरा. पी ०३०० म्हणजे कुठलाही एक नाही, आलटून पालटून सगळेच. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असेल तर नवा भाग न आणता निदान करता येतं.

समजा पी ०३०३ आहे. इंजिन बंद आणि गार असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवा. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी ०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी ०३०३ कायम राहिला तर तशीच अदलाबदल स्पार्क प्लगची करा. तरीही कोड तिसऱ्यावरच अडला तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का ते. एका वेळी एकच भाग हलवायचा. दोन्ही हलवले तर उत्तर मिळूनही उपयोग नाही.

प्लग काढण्याआधी खोबणीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे निघतात. बसवताना आधी हातानेच फिरवून आटे जुळू द्या, पान्याचं काम नंतर. टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बैठकीचा प्लग मात्र फेऱ्याचा सोळावा भागच. हा फरक न पाळल्याने बरेच आटे गेले आहेत. काढलेल्या प्लगकडेही बघा: टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय. सील तसंच ठेवून नवी कॉइल घातली तर तीही जाईल.

## पी ०१७१ चा आरोपी: फ्यूएल ट्रिम बघा

घरगुती स्कॅनरवरचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा म्हणजे फ्यूएल ट्रिम. ठरलेल्या हिशेबापेक्षा संगणकाला किती टक्के इंधन वाढवावं किंवा घटवावं लागतंय, ते तो सांगतो. तात्पुरता आणि दीर्घकालीन असे दोन आकडे असतात, त्यांची बेरीज धरायची. ५ टक्क्यांच्या आत उत्तम, १० पर्यंत चालतं. २० च्या पुढे गेला तर काहीतरी नक्की बिघडलंय.

गरम इंजिन आयडलिंगला ठेवून आकडा टिपा. मग २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून पुन्हा टिपा. आयडलिंगला अधिक २० आणि रेस दिल्यावर अधिक ४-५ असेल तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेतं, त्यात चोरीच्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर तोच वाटा किरकोळ होतो. उलट, आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा आकडा चढत गेला तर इंधन पुरत नाहीये किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय.

चोरीची हवा शोधायला एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा. भेग घड्यांच्या आत लपलेली असते. बारीक व्हॅक्यूम पाइप आणि ऑइलची वाफ परत नेणारा पीसीव्हीचा पाइप हेही उन्हाने कडक होऊन तडकतात. संशयाच्या जागी पाण्याचा हलका फवारा मारा, विजेच्या जोडांपासून दूर. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर जागा सापडली. काहीजण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील फवारा मारणं हा निव्वळ वेडेपणा आहे.

हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ, साफ करायचा तर त्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरा. आतल्या तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका. पूर्ण सुकल्यावरच परत बसवा.

## टाकीचं झाकण आणि पेट्रोलची वाफ

टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवून नंतर इंजिनात जाळतात. या बंदिस्त वाटेला गळती लागली की पी ०४५५, बारीक असली तर पी ०४४२ किंवा पी ०४५६ येतो. आधी झाकणाचं रबरी सील बघा, भेगा असतील तर झाकण बदला. चांगलं असेल तर पुसून, टक्‌टक्‌ आवाज होईपर्यंत घट्ट लावा. दिवा लगेच विझत नाही, काही दिवस धीर धरा.

झाकणाने भागलं नाही तर पुढचा संशयित, ही वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. टाकी भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर संशय बळावतो. हा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा. काढून हळूच फुंकून बघा. हवा आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. फक्त फुंकायचं, श्वास आत ओढायचा नाही. आणि नोझल आपोआप थांबल्यावरही टाकी काठोकाठ भरून घ्यायची सवय असेल तर ती सोडा. ते पेट्रोल कोळशाच्या डब्यात जातं आणि डबा निकामी होतो.

## पी ०४२०: सगळ्यांत महागडा गैरसमज

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर मागच्या सेन्सरचा व्होल्टेज जवळपास स्थिर, साधारण ०.६ ते ०.७ च्या आसपास राहतो. तो पुढच्यासारखा खाली-वर नाचू लागला की संगणक पी ०४२०, म्हणजे ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी’, नोंदवतो. गरम इंजिन दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमला धरून मागच्या सेन्सरचा आलेख बघा. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचा आलेख नाचत नाही, म्हणून तुलना करत बसू नका.

नाचताना दिसला तरी कन्व्हर्टर लगेच मागवू नका. सेन्सरच्या आसपास एक्झॉस्टचा जोड फुटला असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि आकडे फसवतात. गार इंजिन सुरू करून जोडापाशी फट्‌फट् आवाज येतो का ऐका, काजळीचे डाग शोधा. सोबत मिसिंगचा किंवा पी ०१७१ चा कोड असेल तर तो आधी सोडवा. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. मिसिंग, जळणारं ऑइल किंवा गळणारं कूलंट त्याला मारतं, आणि कारण तसंच ठेवून नवा बसवला तर त्याचीही तीच गत होते.

इंजिन तापायला फार वेळ लागतो असं सांगणारा पी ०१२८ त्यामानाने सोपा. गार असताना कूलंटची पातळी बघा, ती बरोबर असेल तर कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी सुरू झाल्यापासूनच रेडिएटरचा वरचा पाइप हळूहळू कोमट होत गेला की खात्री पटते. दुर्लक्ष केलं तर ॲव्हरेज घसरतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, हे सांगायची गरज नसावी.

## डिझेल गाडी असेल तर

डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफ नावाचा फिल्टर पकडतो आणि भरत आला की जाळून टाकतो. जाळायला उष्णता लागते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ती मिळत नाही, मग पी २४६३ येतो. सुरुवातीच्या टप्प्यात मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग चालवल्याने काम भागतं. त्या वेळी एक्झॉस्ट खूप तापतो, म्हणून लगोलग वाळक्या गवतावर गाडी लावू नका. हे जाळणं वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये मिसळून डिपस्टिकवरची पातळी वाढते. वाढलेली दिसली की ऑइल बदलणं आलं.

पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो बदलण्याआधी, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आणि क्लिपा बघा. फाटलेल्या जागी ऑइलचा ओला थर आणि रेस देताना फुस्स आवाज, या दोन खुणा पुरेशा असतात.

## ‘कोड पुसला, दिवा गेला. मग झालं ना?’

नाही. पुसण्याने नोंद जाते, दोष राहतो. बॅटरीची तार काढूनही बऱ्याच गाड्यांत हेच होतं, वर फ्यूएल ट्रिम आणि आयडलिंगची शिकलेली मूल्यंही जातात आणि गाडी काही दिवस अडखळते. दुरुस्ती केल्यानंतर पुसा, तोपर्यंत नाही.

पुसल्यावर संगणक आपल्या चाचण्या नव्याने सुरू करतो. स्कॅनरवर त्या ‘रेडिनेस मॉनिटर’ म्हणून दिसतात. सगळ्या पूर्ण व्हायला गार इंजिनापासून सुरुवात करून गर्दी आणि मोकळा रस्ता असं मिश्र चालवणं लागतं, आणि वाफेच्या चाचणीसाठी टाकी फार रिकामी किंवा काठोकाठ नसावी, पाव ते पाऊण भरलेली बरी. संबंधित चाचणी पूर्ण होऊनही पेंडिंग कोड आला नाही, तरच दुरुस्ती लागू पडली म्हणायचं.

## ‘गाडी तर छान चालतेय, मग कशाला?’

बिघडलेला आकडा मिळाला की संगणक बऱ्याचदा ठोकळ अंदाजाने इंजिन चालवतो, आणि त्यात इंधन जास्त जातं. त्याहून मोठी अडचण म्हणजे दिवा आधीच लागलेला असेल तर नंतरचा गंभीर दोष वेगळा दिसणारच नाही. दिवा एकच आहे.

## घरी न करायची कामं

डिझेलच्या कॉमन रेल पाइपमध्ये २००० बारपर्यंत दाब असू शकतो. त्याची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीतही दाब शेकडो बारचा. हे पाइप घरी सैल करायचे नाहीत. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारा आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर यांनाही हात नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, आणि इग्निशन ऑन असेल तर रेडिएटरचा पंखा कधीही फिरू लागतो हे लक्षात असू द्या. टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा गिअरबॉक्सचे कोड असतील तर गॅरेज गाठा, पण फ्रीझ फ्रेमचे फोटो, ट्रिमचे दोन्ही आकडे आणि कुठला भाग अदलाबदल करून पाहिला याची चिठ्ठी सोबत न्या.

जुनी गाडी घेताना हेच ज्ञान उलटं वापरता येतं. इग्निशन ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा क्षणभर तरी लागायलाच हवा. लागलाच नाही तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. लागून विझला तरी ॲडॉप्टर लावून मॉनिटर बघा. बहुतेक ‘अपूर्ण’ दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला कारण विचारा, आणि गाडी काही दिवस चालवून मॉनिटर पूर्ण झाल्यावर पुन्हा दाखवायला सांगा.